मायक्रोटिकवर नॅट कसं बसवायचं: बेळगाव-निपाणीच्या दुकान-कारखान्यांसाठी

नॅट म्हणजे आतल्या सगळ्या यंत्रांना बाहेरच्या एकाच पत्त्यावरून नेट वापरू देणारी राउटरची सोय. तिची तक्रार दोनच वाक्यांत येते: ‘नेट चालत नाही’ किंवा ‘कॅमेरा बाहेरून दिसत नाही’. पहिली बहुधा दहा मिनिटांत सुटते. दुसरीत माणूस दोन दोन दिवस राउटरचे नियम उलटेपालटे करत बसतो, आणि अनेकदा चूक त्या राउटरमध्ये नसतेच. म्हणून इथे नियमांच्या आधी आयपीकडे, म्हणजे यंत्राच्या नेटवरच्या पत्त्याकडे, बघू.

उदाहरण एकच धरू. समजा बेळगावच्या उद्यमबागेतलं एक मशीन शॉप आहे. ऑफिसात बारा संगणक, टॅलीचा एक सर्व्हर, गेटवर आणि आत मिळून आठ कॅमेरे, त्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा एक डीव्हीआर. युजरनेम-पासवर्डवालं, म्हणजे पीपीपीओई पद्धतीचं फायबरचं एकच कनेक्शन. राउटर मायक्रोटिकचा हेक्स, पाच पोर्टांचा. वडगावातला पॉवरलूमवाला, निपाणीतलं अडत दुकान, चिकोडीची पतसंस्था यांची मांडणी थोड्याफार फरकाने अशीच असते. खाली आकडे देवनागरीत आहेत, राउटरमध्ये टाकताना इंग्रजी आकडेच टाका.

आधी बाहेरचा आयपी बघा

घरातल्या-ऑफिसातल्या यंत्रांना वापरायचे खासगी आयपी १९९६ पासून ठरलेले आहेत: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. हे आयपी इंटरनेटवर फिरत नाहीत. म्हणून आतल्या बारा संगणकांच्या वतीने राउटर स्वतःचा बाहेरचा आयपी लावून पाकीट, म्हणजे डेटाचा तुकडा, पाठवतो आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला पोचवतो. एवढंच नॅट. पण राउटरच्या वॅनवर, म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूवर, आलेला आयपी खरोखर ‘बाहेरचा’ आहे का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

विनबॉक्स, म्हणजे मायक्रोटिकची मांडणी करायचा संगणकावरचा प्रोग्राम, घ्या. त्यात ‘आयपी’, मग ‘अॅड्रेसेस’ उघडा. पीपीपीओईची ओळ डाव्या बाजूला ‘डी’ खुणेसह दिसेल. तो आयपी लिहून घ्या. त्याच नेटवरच्या संगणकात आपला आयपी दाखवणारी कुठलीही वेबसाइट उघडा. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले तर पुढचा सगळा लेख तुम्हाला लागू आहे.

जुळले नाहीत आणि राउटरवरचा आयपी १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये सुरू होत असेल, तर नेटवाल्याने त्याच्याकडे आणखी एक मोठं नॅट लावलेलं आहे. शेकडो गिऱ्हाइकं एकाच बाहेरच्या आयपीमागे बसवण्यासाठी हा गट २०१२ मध्ये वेगळा राखून ठेवला गेला. काही नेटवाले त्यासाठी १० ने सुरू होणारे आयपीही वापरतात. अशा कनेक्शनवर आतून बाहेर सगळं चालतं, बाहेरून आत काहीही येत नाही, कारण बाहेरून आलेलं पाकीट नेटवाल्याच्या यंत्रावरच थांबतं. तुमच्या राउटरवर कितीही पोर्ट, म्हणजे आयपीवरची क्रमांकाची दारं, उघडली तरी फरक पडणार नाही. सिमवर चालणाऱ्या नेटची बहुधा हीच गत असते. उपाय एकच: नेटवाल्याकडून स्टॅटिक आयपी मागून घ्या. फक्त कॅमेरे बघायचे असतील तर डीव्हीआर कंपनीचं क्लाउड अॅप पुरतं. त्यात डीव्हीआर स्वतःच आतून बाहेर जोडला जातो, त्यामुळे पोर्ट उघडावा लागत नाही.

राउटरवर १९२.१६८ ने सुरू होणारा आयपी दिसला तर फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, स्वतःच नॅट करतो आहे आणि तुमचं दुसरं नॅट त्याच्यामागे बसलं आहे. नेटवाल्याला ओएनटी ब्रिज मोडमध्ये, म्हणजे नॅट न करता नेट नुसतं पुढे देईल असा, करून द्यायला सांगा आणि पीपीपीओई मायक्रोटिकवर घ्या. ब्रिज करून घेताना व्हीलॅनचा, म्हणजे एकाच केबलवर वेगळ्या केलेल्या जाळ्याचा, आकडा लागतो का तेही विचारून ठेवा. लागत असेल तर ईथर१ वर, म्हणजे राउटरच्या पहिल्या पोर्टवर, आधी व्हीलॅन इंटरफेस करायचा आणि पीपीपीओई त्याच्यावर चढवायचं.

आतलं जाळं

नवीन मायक्रोटिक १९२.१६८.८८.१ वर येतो. अनेक ओएनटी १९२.१६८.१.१ वर असतात. दोन्ही गट टाळा. ओएनटीचाच गट आत घेतला तर राउटरला दोन्ही बाजूंना एकच जाळं दिसतं आणि पाकीट कुठे पाठवायचं ते त्याला कळत नाही. ८८ चा गट ठेवला तर आज अडचण नाही, पण उद्या निपाणीची शाखा व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून केलेल्या खासगी जोडणीने, जोडायची म्हटलं की तिथेही तोच ८८ निघतो. बेळगावला १९२.१६८.४०.०/२४, निपाणीला १९२.१६८.५०.०/२४ असं सुरुवातीलाच वाटून टाका.

आयपी बदलताना विनबॉक्समध्ये ‘नेबर्स’ टॅबमधून मॅक अॅड्रेसवर जोडून घ्या, म्हणजे बदलाच्या क्षणी राउटर हातातून सुटत नाही. ‘आयपी अॅड्रेसेस’मधल्या ब्रिजच्या, म्हणजे आतले पोर्ट एकत्र बांधणाऱ्या इंटरफेसच्या, ओळीवर नवा आयपी टाकला की खालच्या ‘नेटवर्क’ रकान्यात जुनाच आकडा राहतो. तोही १९२.१६८.४०.० करा. ही चूक फार होते. मग डीएचसीपीचा, म्हणजे यंत्रांना आपोआप आयपी वाटणाऱ्या सोयीचा, पूल १९२.१६८.४०.१०० ते १९९ करा, आणि ‘डीएचसीपी सर्व्हर’च्या ‘नेटवर्क्स’मध्ये गेटवे (बाहेर जायचं दार) व डीएनएस (नावावरून आयपी सांगणारा) दोन्ही १९२.१६८.४०.१ करा. सर्व्हरला .१०, डीव्हीआरला .२० द्या. डीव्हीआरमध्ये आयपी हाताने टाकत असाल तर गेटवेही त्याच वेळी टाका. हा रकाना पुढे पुन्हा भेटणार आहे.

आता बॅकअप घ्या आणि ती फाइल संगणकावर ओढून घ्या. राउटरमध्येच ठेवलेला बॅकअप राउटर जळला की त्याच्याबरोबरच जातो. मग ‘सेफ मोड’ चालू करा. चुकीच्या नियमामुळे जोडणी तुटली तर सेफ मोड लावल्यानंतरचे सगळे बदल राउटर काही मिनिटांत आपोआप मागे घेतो. उद्यमबागेत बसून खानापूरच्या राउटरवर काम करत असाल तर हे बटण म्हणजे खानापूरची फेरी वाचवणारं बटण आहे. काम संपल्यावर ते बंद करायला विसरू नका, नाहीतर खिडकी बंद करताच केलेलं काम उलटतं.

बाहेर जाणारं नॅट

पीपीपीओई क्लायंट ईथर१ वर करा, युजरनेम-पासवर्ड टाका, ‘अॅड डिफॉल्ट रूट’ला टिक ठेवा. आता ‘इंटरफेसेस’मधली ‘इंटरफेस लिस्ट’ उघडा. कंपनीच्या मूळ मांडणीत वॅन यादीत फक्त ईथर१ असतो. त्यात पीपीपीओई-आउट१ हाताने घाला.

हे विसरलं की दोन गोष्टी होतात. पहिली लगेच दिसते: राउटरच्या टर्मिनलमधून पिंग जातो, पण ऑफिसातल्या एकाही संगणकावर नेट येत नाही. कारण नॅटचा नियम वॅन यादीवर चालतो, आणि पाकीट ईथर१ वरून नव्हे, पीपीपीओई इंटरफेसवरून बाहेर पडतं. दुसरी दिसत नाही आणि ती जास्त घातक आहे: वॅनवरून आत घुसणारं अडवणारा फायरवॉलचा फॉरवर्ड नियमसुद्धा त्याच यादीवर अवलंबून असतो. यादीत पीपीपीओई नसेल तर तो नियम तिथे नुसता दिसतो, अडवत काही नाही.

मग ‘आयपी’, ‘फायरवॉल’, ‘नॅट’. मूळ मांडणीतला मास्करेडचा, म्हणजे आतल्या आयपीऐवजी बाहेरचा लावणारा, नियम असेल तर तोच पुरे. नसेल तर नवा करा: चेन ‘एसआरसीनॅट’, आउट इंटरफेस लिस्ट ‘वॅन’, अॅक्शन ‘मास्करेड’. झालं.

आउट इंटरफेसचा रकाना कोरा ठेवून मास्करेड केलेले राउटर बरेच सापडतात. नेट चालतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण मग बाहेरून आत येणाऱ्या जोडण्यांवरही राउटर स्वतःचा आयपी लावतो. डीव्हीआरच्या लॉगमध्ये प्रत्येक लॉगिन १९२.१६८.४०.१ वरून आलेलं दिसतं. रात्री कोण पासवर्ड मारून बघत होतं ते कळायचा मार्गच उरत नाही. शाखांमधली व्हीपीएनही यानेच बिघडते.

स्टॅटिक आयपी असेल तर मास्करेडऐवजी अॅक्शन ‘एसआरसी-नॅट’ आणि ‘टू अॅड्रेसेस’मध्ये तो आयपी, हे जास्त चांगलं. लाइन पडली की मास्करेड त्या इंटरफेसवरच्या चालू जोडण्या पुसून टाकतो. एसआरसी-नॅट तसं करत नाही, त्यामुळे लाइन क्षणभर तुटून परत आली तर जोडण्या टिकू शकतात. आयपी बदलता असेल, किंवा दोन नेट असून एक पडल्यावर दुसऱ्यावर जायचं असेल, तर मास्करेडच बरोबर.

बाहेरून आत: पोर्ट फॉरवर्डिंग

काय उघडायचं नाही ते आधी. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९, टॅलीचा ९०००, विनबॉक्सचा ८२९१ हे पोर्ट इंटरनेटला दाखवू नका. ३३८९ उघडा दिसला की पासवर्ड मारून बघणारे प्रोग्राम दिवसरात्र त्यावर आदळत राहतात. पासवर्ड कमकुवत असेल तर एके सकाळी टॅलीचा सगळा डेटा कुलूपबंद झालेला आणि पडद्यावर खंडणीचा मजकूर, अशी वेळ येते. विनबॉक्सच्या पोर्टातली २०१८ ची त्रुटी तर पासवर्डाची फाइलच बाहेर काढून देत होती. सीएला किंवा मालकाला घरून टॅली बघायची असेल तर मायक्रोटिकच्या राउटरओएस ७ मध्ये वायरगार्ड ही व्हीपीएन आहे. बाहेरून एकच यूडीपी पोर्ट, मायक्रोटिकवर नेहमीचा १३२३१, तोही फायरवॉलच्या इनपुट चेनमध्ये, म्हणजे खुद्द राउटरकडे येणाऱ्या पाकिटांच्या नियमांत, ‘ड्रॉप’च्या (अडवणाऱ्या नियमाच्या) वर. पोर्टाचा आकडा बदलून, म्हणजे ३३८९ ऐवजी ५०००१ वगैरे करून, संरक्षण मिळत नाही. शोधणारे सगळे ६५,५३६ पोर्ट चाळतात.

आता डीव्हीआर. हिकव्हिजनचा सर्व्हर पोर्ट सहसा ८०००, आरटीएसपी (थेट चित्राचा) ५५४, वेबपान ८०. दाहुआचा ३७७७७. अॅपला लागतो तेवढाच उघडा, आपण फक्त ८००० घेऊ. बाहेरचा आयपी उदाहरणापुरता २०३.०.११३.२५ धरू.

नॅटमध्ये नवा नियम: चेन ‘डीएसटीनॅट’, डीएसटी अॅड्रेस २०३.०.११३.२५, प्रोटोकॉल टीसीपी, डीएसटी पोर्ट ८०००. अॅक्शन ‘डीएसटी-नॅट’, टू अॅड्रेसेस १९२.१६८.४०.२०, टू पोर्ट्स ८०००. बघणारा ठरलेल्या जागेवरूनच बघत असेल आणि तिथलाही आयपी स्थिर असेल, तर ‘एसआरसी अॅड्रेस लिस्ट’मध्ये तेवढाच टाका. कॉमेंट साध्या इंग्रजीत लिहा: कोणतं यंत्र, कशासाठी, कोणत्या तारखेला. पुढच्या वेळी राउटर उघडणारा गोकाकचा कन्नड बोलणारा असेल किंवा गडहिंग्लजचा मराठी, दोघांनाही ती वाचता आली पाहिजे.

डीएसटी अॅड्रेस किंवा इन इंटरफेस लिस्ट यांपैकी एक तरी भरलाच पाहिजे. दोन्ही कोरे ठेवून पोर्ट ८० डीव्हीआरकडे वळवला तर काय होतं बघा. अकाउंट्सची मुलगी संगणकावर एखादी साधी वेबसाइट उघडते. तिचं पाकीटही पोर्ट ८० कडेच निघालेलं असतं, नियम ते बाहेर जाण्याआधीच पकडतो, आणि समोर वेबसाइटऐवजी डीव्हीआरचं लॉगिन पान येतं. व्हायरस शिरला असं समजून लोक विंडोज नव्याने टाकतात.

बाहेरचा आयपी बदलता असेल तर ‘आयपी क्लाउड’मध्ये डीडीएनएस चालू करा, राउटर एक कायमचं नाव देतो. तेव्हा नियमात डीएसटी अॅड्रेस न टाकता ‘एक्स्ट्रा’ टॅबमधला डीएसटी अॅड्रेस टाइप ‘लोकल’ घ्या, आणि डीएसटी अॅड्रेसमध्ये १९२.१६८.४०.१ टाकून शेजारच्या चौकोनात उद्गारचिन्ह, म्हणजे ‘हा सोडून’.

मूळ फायरवॉलमध्ये फॉरवर्ड चेनचा शेवटचा नियम ‘वॅनवरून आलेलं, पण डीएसटीनॅट न झालेलं अडवा’ असा असतो, त्यामुळे वळवलेली जोडणी आपोआप आत जाते. स्वतःची फायरवॉल लिहिली असेल तर परवानगी देताना आतला आयपी आणि आतला पोर्ट लिहा. डीएसटीनॅट आधी होतं, मग मार्ग ठरतो, मग फॉरवर्ड, शेवटी एसआरसीनॅट. फॉरवर्डपर्यंत येईतो पाकिटावरचा २०३.०.११३.२५ पुसून तिथे १९२.१६८.४०.२० आलेला असतो.

तपासणी: काउंटर बघा

मोबाइलचं वायफाय बंद करा, सिमच्या नेटवरून अॅप उघडा, आणि नियमाच्या ओळीतल्या ‘पॅकेट्स’ रकान्यावर नजर ठेवा.

आकडा शून्यच राहिला: पाकीट तुमच्या राउटरपर्यंत आलंच नाही, किंवा वरचा एखादा नियम ते आधी पकडतो आहे, कारण नियम वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळला की खालचे बघितलेच जात नाहीत. वर तसं काही नसेल तर बाहेरचा आयपी पुन्हा जुळवून बघा, ओएनटी खरंच ब्रिजमध्ये आहे का बघा. नेटवाल्यानेच तो पोर्ट अडवलेला नाही ना, हे बाहेरचा पोर्ट दुसरा, समजा १८०००, ठेवून कळतं. टू पोर्ट्स ८०००च राहू द्या.

आकडा वाढला, पण चित्र नाही: राउटरने त्याचं काम केलं, अडचण आत आहे. सर्वांत आधी डीव्हीआरचा गेटवे बघा. जुना राउटर काढून नवा बसवला की डीव्हीआरमध्ये गेटवे १९२.१६८.१.१ असाच राहून जातो. ऑफिसातून कॅमेरे व्यवस्थित दिसतात, कारण एकाच जाळ्यात गेटवे लागत नाही. बाहेरच्या माणसाला उत्तर पाठवायची वेळ आली की डीव्हीआरला दारच सापडत नाही. ‘टूल्स’मधलं ‘टॉर्च’ ब्रिजवर लावा: डीव्हीआरकडे पाकिटं जाताना दिसतात आणि परत एकही येत नाही, म्हणजे हीच गोष्ट. डीव्हीआरऐवजी विंडोजचं यंत्र असेल तर त्याची स्वतःची फायरवॉलही तपासा.

आकडा फार हळू वाढतो म्हणून घाबरू नका. प्रत्येक जोडणीचं फक्त पहिलं पाकीट नॅटच्या नियमांतून जातं. पुढची सगळी ‘कनेक्शन्स’च्या तक्त्यावरून परस्पर बदलली जातात. नियम दुरुस्त करूनही जुनंच वागणं दिसतं, त्याचं कारणही हेच. स्थिर झालेल्या टीसीपी जोडणीची नोंद, काही हालचाल नसली तरी, मायक्रोटिकवर एक दिवस टिकते. ‘कनेक्शन्स’ टॅबमध्ये त्या आयपीच्या ओळी निवडून काढून टाका, मग पुन्हा तपासा.

बाहेरून दिसतं, ऑफिसातून दिसत नाही

मालकाच्या मोबाइलवर अॅपमध्ये २०३.०.११३.२५ टाकलेला असतो. घरून कॅमेरे दिसतात, ऑफिसच्या वायफायवर आले की बंद.

मोबाइल १९२.१६८.४०.१०५ वर आहे. तो २०३.०.११३.२५ ला हाक मारतो, राउटर ती डीव्हीआरकडे वळवतो. डीव्हीआरला दिसतं की हाक १०५ ची आहे, आपल्याच जाळ्यातली. तो राउटरकडे न जाता स्विचमधून थेट उत्तर देतो, आणि त्यावर प्रेषक म्हणून १९२.१६८.४०.२० असतो. मोबाइलने हाक मारली होती २०३.०.११३.२५ ला. अनोळखी आयपीचं उत्तर तो टाकून देतो.

उपाय दोन. एक, मास्करेडच्या वर आणखी एक नियम: चेन एसआरसीनॅट, एसआरसी अॅड्रेस १९२.१६८.४०.०/२४, डीएसटी अॅड्रेस १९२.१६८.४०.२०, टीसीपी, पोर्ट ८०००, आउट इंटरफेस ब्रिज, अॅक्शन मास्करेड. मग डीव्हीआरला हाक राउटरची वाटते आणि उत्तर राउटरमार्गेच परततं. हा नियम चालायला आधीचा डीएसटीनॅट नियम आयपीवर बांधलेला हवा. वॅन इंटरफेसवर बांधला असेल तर आतून आलेलं पाकीट त्यात सापडणारच नाही. दुसरा उपाय, अॅपमध्ये आकड्याऐवजी नाव टाका आणि राउटरच्या ‘डीएनएस स्टॅटिक’मध्ये त्या नावापुढे १९२.१६८.४०.२० लिहा. दुसरा साफ आहे आणि डीव्हीआरच्या लॉगमध्ये खरा आयपी राहतो. फक्त मोबाइलमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ लावलेला असेल तर तो राउटरला विचारतच नाही, तिथे पहिलाच उपाय लागतो.

किरकोळ, पण अडवणाऱ्या गोष्टी

काही वेबसाइट अर्ध्यावर अटकत असतील तर पीपीपीओईचा एमटीयू (पाकिटाचं कमाल माप) १४९२ आहे आणि पीपीपी प्रोफाइलमध्ये ‘चेंज टीसीपी एमएसएस’ चालू आहे हे बघा. आयपी फोनवर एकाच बाजूचा आवाज येत असेल तर ‘फायरवॉल’च्या ‘सर्व्हिस पोर्ट्स’मधलं ‘सिप’ बंद करून बघा. दोन नेट असतील तर फॉरवर्डिंग एकाच नेटवर ठेवा. दुसऱ्या नेटवरून आत आलेल्या जोडणीचं उत्तर पहिल्यावरून बाहेर पडतं आणि वाया जातं. दोन्हीकडून हवं असेल तर मँगलमध्ये जोडण्यांना खुणा लावून वेगळे रूट करावे लागतात.

खानापूर-जांबोटीकडे लॉज किंवा हॉटेल असेल आणि पाहुण्यांना वायफाय देत असाल, तर नॅटमुळे बाहेरच्या जगाला सगळे पाहुणे तुमच्याच एका आयपीवरून दिसतात. कुणी काही गैर केलं तर चौकशी तुमच्या दारात येते. पाहुण्यांचं जाळं वेगळं ठेवा आणि जोडण्यांची नोंद राउटरबाहेर सिसलॉगवर, म्हणजे लॉग साठवणाऱ्या वेगळ्या यंत्रावर, पाठवा. राउटरच्या मेमरीतला लॉग लाइट गेली की पुसला जातो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, कंपन्या व सरकारी संस्थांनी लॉग १८० दिवस भारतातच जपायचे आहेत. त्या नोंदींना अर्थ यायचा तर वेळ बरोबर हवी. हेक्समध्ये घड्याळाला बॅटरी नाही, वीज जाऊन आली की वेळ चुकते, म्हणून इंटरनेटवरून वेळ घेणारा एनटीपी क्लायंट चालू करा आणि टाइम झोन एशिया-कोलकाता ठेवा.

वळवाच्या दिवसांत राउटर जळतात ते बहुतेक वेळा अडॅप्टरमधून किंवा गेटवरच्या कॅमेऱ्याच्या तांब्याच्या केबलमधून आलेल्या झटक्याने. फायबरमधून वीज येत नाही. ओएनटी, राउटर आणि स्विच एकाच यूपीएसवर घ्या, अर्थिंग तपासून घ्या, आणि शेवटच्या बदलानंतरचा बॅकअप संगणकावर आहे ना ते बघा. हेक्सच्या आरबी७५०जीआर३ या मॉडेलला ८ ते ३० व्होल्ट डीसी चालतं, त्यामुळे अडॅप्टर गेला तर योग्य पिनचा १२ किंवा २४ व्होल्टचा दुसरा लावून त्याच दिवशी काम सुरू करता येतं.